गाणाऱ्या पक्ष्याचं अंडं आतून: पहिल्या तीन दिवसांत काय घडतं आणि ते बघतात कसं

घरी गावठी कोंबडीचं अंडं असेल तर ते पंधरा-वीस मिनिटं आडवं ठेवा. मग वरची बाजू वरच राहील अशा बेताने बशीत अलगद फोडा. पिवळ्या बलकावर एक फिकट ठिपका दिसेल. खुराड्यात कोंबडा असेल तर बहुतेक वेळा त्या ठिपक्याला गोल कड असते, आणि कडेच्या आत थोडा पारदर्शक भाग. पोल्ट्रीच्या अंड्यात कोंबड्याचा संबंधच येत नाही, त्यामुळे तिथला ठिपका लहान आणि घट्ट पांढरा असतो, त्याला अशी नीट कड नसते. कडवाला ठिपका म्हणजे भ्रूण. अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर पडलं तेव्हाच त्यात हजारो पेशी झालेल्या असतात. ऊब मिळाली नाही म्हणून ते तिथेच थांबलेलं असतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आपली पुष्कळ मुलं एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठीतून शिकतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावी) सायन्स घेतलं की एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतात. पुढे डिग्रीला झूलॉजी घेतलं की कोंबडीच्या भ्रूणाच्या तयार स्लाइड हातात येतात: २४ तासांची, ३३ तासांची, ४८ तासांची, ७२ तासांची. आकृती काढायची, नावं लिहायची, जर्नलवर सही घ्यायची. त्या स्लाइडवर खरं काय घडत होतं, ती तयार कशी केली, आणि कोंबडीऐवजी एखाद्या गाणाऱ्या पक्ष्याचं अंडं घेतलं तर काय वेगळं दिसतं, हे मराठीत नीट सांगितलेलं मला फारसं सापडत नाही. म्हणून हा लेख. विषय थोडा चिवट आहे, पण शेवटाकडे जी गोष्ट येते ती सगळ्या जीवशास्त्रातल्या मोठ्या नवलांपैकी एक आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी ‘गाणारा पक्षी’ म्हणजे कोण ते ठरवू. शास्त्रात ही एक ठरावीक शाखा आहे. श्वासनळी जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे पक्ष्याचं आवाजाचं इंद्रिय असतं. या शाखेत ते हलवणारे स्नायू विशेष गुंतागुंतीचे असतात, आणि या शाखेतले पक्षी आपलं गाणं ऐकून शिकतात. दयाळ यात येतो, बुलबुल येतो, शिंपी, सुगरण, चिमणी येते. जांबोटी-कणकुंबीच्या ओढ्यांवर पावसाळ्यात शीळ घालणारा शीळकरी कस्तुर येतो. कावळाही येतो. कोकीळ मात्र येत नाही, तो वेगळ्या कुळातला. त्याची हाक त्याला कोणी शिकवावी लागत नाही, आणि कावळ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या पिल्लाला ती शिकवणार तरी कोण? जगातल्या पक्ष्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती या एकाच शाखेतल्या आहेत.

प्रयोगशाळेत यांच्यातला एकच पक्षी मुख्यतः वापरतात: झेब्रा फिंच. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण आपल्याकडे पाळीव पक्ष्यांच्या दुकानात पिंजऱ्यात दिसतो तोच. नराचे गाल नारिंगी, छातीवर काळे-पांढरे पट्टे. गातो तो फक्त नर, आणि लहानपणी बापाचं गाणं ऐकून शिकतो. मादी पिंजऱ्यात वर्षभर अंडी घालते, रोज सकाळी एक याप्रमाणे चार ते सहा. अंडं करवंदाएवढं, वजन सुमारे एक ग्रॅम. कोंबडीचं अंडं पन्नास-साठ ग्रॅमचं. कामातली पहिली अडचण इथेच लक्षात येईल.

आता अंड्यात काय घडतं ते बघू. बीजांडाचं फलन अंडनलिकेच्या अगदी वरच्या टोकाला होतं. तिथून खाली यायला साधारण एक दिवस लागतो. त्या प्रवासात बलकाभोवती पांढरं चढतं, पापुद्रे चढतात, शेवटी कवच. त्याच वेळी आत पेशींची विभागणी चालू असते. बेडकाच्या अंड्यात पूर्ण अंडंच दोनात, चारात, आठात विभागतं. पक्ष्याच्या बलकाचा साठा इतका मोठा असतो की तो कापला जाऊच शकत नाही. म्हणून विभागणी फक्त वरच्या टिकलीएवढ्या भागात होते आणि भ्रूण गोळा न होता सपाट चकती होतो. पक्षी-भ्रूणाची सुरुवातीची सगळी कामं या सपाटपणामुळे शक्य झाली आहेत. चकती उचलून काचेवर ठेवता येते आणि खालून उजेड टाकला की आरपार दिसते.

अंडं बाहेर येतं तेव्हा चकती कुठवर पोचलेली असते, हे प्रत्येक जातीचं वेगळं. कोंबडीच्या भ्रूणात तोवर पेशींचा थर बराच पसरून मधला भाग पारदर्शक झालेला असतो. झेब्रा फिंचचं भ्रूण त्या मानाने थोडं मागे असतं. उलट युरोपातल्या कोकिळेवर २०११ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की तिचं अंडं आईच्या पोटात जवळजवळ एक दिवस जास्त राहतं. म्हणजे दुसऱ्याच्या घरट्यात पडताना तिच्या पिल्लाला आधीच एका दिवसाची आघाडी मिळालेली असते. ही आघाडी किती, हे मोजायला संशोधकांनी फिंचची अंडी उबवून त्यांच्या वाढीशी तुलना केली होती.

अंडं घातल्यावर ऊब मिळाली की खरी धावपळ सुरू होते. चकतीच्या मागच्या टोकाकडून मध्यावर एक रेघ उमटते, तिला आदिरेखा म्हणतात. वरच्या थरातल्या पेशी या रेघेतून आत उतरतात आणि खाली पसरतात. एका थराचे तीन थर होतात: वरच्यातून कातडी आणि मेंदू, मधल्यातून स्नायू, हाडं, रक्त, खालच्यातून आतडं. कोंबडीत पहिल्या दिवसाच्या आतच ही रेघ पूर्ण लांबीची होते. मग तिच्या पुढे मेंदू-मणक्याची पट्टी घडी पडून नळी होते, आणि नळीच्या दोन्ही बाजूंना पेशींचे चौकोनी ठोकळे जोडीजोडीने तयार होतात. यांना सोमाइट म्हणतात. पुढे यांच्यातून मणके आणि पाठीचे स्नायू होतात. कोंबडीत साधारण दर दीड तासाला एक जोडी. दीड दिवसाच्या आसपास हृदयाची नळी हलायला लागते. अ‍ॅरिस्टॉटलने सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रोज एक अंडं फोडून पाहिलं होतं आणि तिसऱ्या दिवसाच्या अंड्यात रक्ताचा उडणारा ठिपका दिसल्याचं लिहून ठेवलं होतं. त्याच्याकडे भिंग नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली हेच बारकाईने बघून इटलीच्या माल्पिगीने १६७३ मध्ये चित्रं प्रसिद्ध केली.

इथे एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने घट्ट धरावी. भ्रूणाचं वय तासांत सांगणं कच्चं असतं. इन्क्युबेटरचं दार किती वेळा उघडलं, अंडं आधी किती दिवस ठेवलं होतं, आईच्या पोटात किती वेळ राहिलं, या सगळ्यांनी फरक पडतो. एकाच वेळी ठेवलेल्या दोन अंड्यांत दोन-चार सोमाइटचा फरक सहज निघतो. म्हणून हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या दोघांनी १९५१ साली कोंबडीच्या वाढीचे ४६ टप्पे ठरवले. घड्याळ बाजूला ठेवायचं आणि भ्रूणाकडे बघायचं: रेघ किती लांब, सोमाइट किती, डोळ्याचा फुगा आला का, पायाची कळी दिसते का. अंडं बाहेर येण्याआधीच्या आणि त्यालगतच्या अवस्थांसाठी १९७६ मध्ये एयाल-गिलादी आणि कोखाव यांनी रोमन आकड्यांची वेगळी मालिका दिली. जगभर आजही या दोन मोजपट्ट्या चालतात. झेब्रा फिंचसाठी स्वतंत्र कोष्टक २०१३ मध्ये आलं. सुरुवातीचे टप्पे कोंबडीशी बरेच जुळतात. पुढे फरक पडत जातो, कारण कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांनी डोळे उघडे ठेवून, पिसं घेऊन, पायावर उभं राहत बाहेर येतं, तर फिंचचं १४ दिवसांतच, उघडं आणि डोळे मिटलेलं.

आता प्रत्यक्ष काम. सकाळी पिंजऱ्यातल्या फिंचच्या घरट्यातलं ताजं अंडं उचलायचं, त्यावर शिसपेन्सिलीने तारीख आणि जोडीचा क्रमांक लिहायचा. शाईचं पेन नको, कवचाला छिद्रं असतात. उचललेल्या अंड्याच्या जागी खोटं अंडं ठेवतात, म्हणजे जोडी घरटं सोडत नाही. लगेच उबवायचं नसेल तर अंडं गार जागी ठेवावं लागतं. साधारण पंचवीस अंशांच्या वर वाढ हळूहळू सुरू होते आणि अर्धवट ऊब भ्रूणाला सगळ्यात वाईट. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी खोलीचं तापमान सहज तिशीच्या पुढे जातं, तेव्हा टेबलावर ठेवलेलं अंडं ‘ताजं’ राहत नाही. पंधरा-सोळा अंशांची जागा लागते, आणि तिथेही आठवड्याच्या वर ठेवू नये.

इन्क्युबेटर ३७.५ अंशांवर, आत पाण्याचं भांडं. अंडं आडवं ठेवायचं, कारण बलकाची भ्रूणाकडची बाजू हलकी असते आणि ती आपोआप वर येते. उघडताना भ्रूण कुठे असेल हे त्यामुळे आधीच ठाऊक असतं. तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडावर धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं. खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी आपल्या आज्या अशाच उजेडाला धरून बघायच्या. त्याआधीच्या अवस्थेत उजेडाचा उपयोग नाही, उघडल्यावरच कळतं.

कोंबडीच्या अंड्यात वरच्या कवचाला खिडकी कापतात. आधी बोथट टोकाकडून सुईने थोडं पांढरं काढून घेतात, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली बसतं आणि कात्रीत सापडत नाही. फिंचच्या अंड्यात एवढी जागाच नाही. अगदी सुरुवातीचं भ्रूण हवं असेल तर अंडं सत्तर टक्के अल्कोहोलने पुसून कोमट खारट पाण्याच्या ताटलीत उघडतात. हे पाणी पक्ष्याच्या शरीराला जुळणारं हवं, लिटरला साधारण ७.२ ग्रॅम मीठ आणि सोबत थोडे पोटॅशियम व कॅल्शियमचे क्षार. माणसाच्या सलाइनमध्ये लिटरला नऊ ग्रॅम असतं.

यानंतरची युक्ती मला फार आवडते. बलकाभोवती एक पारदर्शक पापुद्रा असतो, आणि भ्रूणाची चकती त्याला आतून चिकटलेली असते. फिल्टर पेपरचा छोटा तुकडा घेऊन मध्ये भोक पाडायचं. भ्रूण बरोबर भोकात येईल असा तो पापुद्र्यावर ठेवायचा. कागद चिकटतो. मग कागदाच्या बाहेरच्या कडेने कात्रीने पापुद्रा कापत जायचं आणि कागद तिरका करून हळूच ओढायचा. कागदासोबत ताणलेला पापुद्रा येतो आणि त्यासोबत अख्खं भ्रूण, न दुमडता. खालून चिकटलेले बलकाचे कण पिपेटच्या मंद धारेने धुऊन काढायचे. हे धुणं घाईत केलं की चकती फाटते, कमी केलं की पुढे प्रत्येक रंगात बलक चमकत राहतो. असंच कागदावर भ्रूण उलटं ठेवून, खाली अंड्यातलं पातळ पांढरं मिसळलेलं अगार (शेवाळापासूनची जेली) घालून, कवचाबाहेरही दीड-दोन दिवस वाढवता येतं. १९५५ मध्ये न्यू नावाच्या संशोधकाने हे काचेच्या कड्यावर करून दाखवलं होतं. कागदाची पद्धत २००१ मधली, बरीच सोपी.

पुढे अभ्यासासाठी भ्रूण तसंच टिकवायचं असेल तर चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवतात. हा पदार्थ विषारी आहे, धूर ओढणाऱ्या कपाटातच हाताळायचा, घरी किंवा उघड्या वर्गात अजिबात नाही. नंतर रंग देतात. एक रंग पेशींची केंद्रकं दाखवतो. दुसऱ्या पद्धतीत ठरावीक जनुक कोणत्या पेशीत चालू आहे तेवढंच रंगतं. तिसऱ्यात एखादं ठरावीक गुणसूत्र चमकवता येतं. स्टीरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, टोक अगदी बारीक घासलेल्या दोन चिमट्यांनी आणि तारेच्या सुईने हवा तो तुकडा वेगळा करतात. हात टेबलावर टेकलेले, श्वास सावकाश. इतकं करून हाती येणारा तुकडा मिलिमीटरभरही नसतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं करावं लागतं.

झेब्रा फिंचच्या शरीरातल्या कोणत्याही साध्या पेशीत ८० गुणसूत्रं असतात. १९९८ मध्ये अर्जेंटिनाचे पिगोझ्झी आणि सोलारी बीजपेशी बघत होते, म्हणजे ज्यांच्यातून पुढे शुक्राणू आणि बीजांडं होतात त्या पेशी. त्यांना तिथे एक जादा गुणसूत्र सापडलं. लहानसहान नाही, त्या पेशीतलं सगळ्यात मोठं. मेंदूत ते नाही, यकृतात नाही, रक्तात नाही, पिसात नाही. फक्त बीजपेशींत. म्हणजे फलनाच्या वेळी ते भ्रूणात येतं, आणि भ्रूण वाढायला लागल्यावर सुरुवातीच्या दिवसांतच शरीर होणाऱ्या सगळ्या पेशी ते टाकून देतात. पुढची पिढी घडवणाऱ्या मोजक्या पेशी तेवढं जपून ठेवतात.

आपण शाळेत शिकतो की शरीराच्या प्रत्येक पेशीत तोच जनुकसंच असतो. गाणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत हे खरं नाही. २०१९ मध्ये गाणाऱ्या पक्ष्यांच्या १६ जाती तपासल्या, त्या सगळ्यांत हे गुणसूत्र सापडलं. तुलनेला घेतलेल्या इतर कुळांतल्या पक्ष्यांत ते नव्हतं. कोंबडीत नाही. त्याच वर्षी झेब्रा फिंचमध्ये त्यावर शंभराहून अधिक जनुकं असल्याचं दिसलं, आणि आकाराने ते एकूण जनुकसंचाच्या दहा टक्क्यांहून मोठं आहे. यातली पुष्कळ जनुकं साध्या गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या नकला आहेत, आणि त्यांतली बरीच अंडाशयात किंवा वृषणात कामही करतात. म्हणजे ही अडगळ नाही.

वारसाही विचित्र. नराच्या बीजपेशीत याची एकच प्रत असते, जोडीदार नाही. शुक्राणू तयार होताना पेशी ती बाहेर फेकून देते. मादीच्या बीजपेशीत सहसा दोन प्रती असतात आणि त्या नीट जोडी जमवतात. त्यामुळे हे गुणसूत्र जवळजवळ नेहमी आईकडूनच येतं. २०२२ मध्ये दिसलं की क्वचित बापाकडूनही ते निसटून पुढे जातं.

आता चकतीवर परत या. शरीराच्या पेशी हे गुणसूत्र नेमकं कितव्या विभागणीत टाकतात? एकदम सगळ्या, की टप्प्याटप्प्याने? बीजपेशी होणाऱ्या पेशीला कसं कळतं की आपण ते टाकायचं नाही? वाढलेल्या पक्ष्यात याचं उत्तर मिळूच शकत नाही, तोवर सगळं उरकलेलं असतं. कोंबडीच्या अंड्यातही नाही, तिच्यात ते गुणसूत्रच नाही. उत्तर असेल तर फिंचच्या अंड्यात, पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि तेही त्या मोजक्या पेशींच्या मागावर राहून.

त्या पेशींचा माग काढायची वाट कोंबडीने दाखवून ठेवली आहे. १९१४ मध्ये स्विफ्ट या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की कोंबडीच्या बीजपेशी अंडाशयात किंवा वृषणात जन्मत नाहीत. सुरुवातीला त्या डोक्याच्याही पुढे, चकतीच्या कडेला, चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्यात गोळा होतात. म्हणजे शरीराच्या बाहेरच. रक्त फिरायला लागलं की त्या रक्तात शिरतात, वाहत जातात, आणि तिसऱ्या दिवसाच्या सुमारास जिथे पुढे अंडाशय किंवा वृषण होणार त्या कडांवर उतरून आत घुसतात. गाणाऱ्या पक्ष्यांच्या बीजपेशीही अशाच रक्तातून जातात. आणि जाताना जादा गुणसूत्र सोबत नेतात, तर आजूबाजूच्या रक्तपेशींत ते उरलेलं नसतं. त्या गुणसूत्राला चमकवणारा रंग दिला की शेकडो पेशींत या वेगळ्या उठून दिसायला हव्यात. म्हणूनच चकती न फाटता, चंद्रकोरीच्या पट्ट्यासकट उचलणं इतकं महत्त्वाचं. कागद थोडा मागे सरकला की नेमका तोच भाग कापला जातो.

अंड्यांबद्दल दोन शब्द स्पष्ट सांगायचे आहेत. आपल्या पोर्चमधल्या कुंडीत बुलबुल घरटं करतो, पेरूच्या पानात शिंपी. त्या अंड्यांना कुतूहलापोटीही हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला त्रास देणंही येतं. प्रयोगासाठी फक्त पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची अंडी, संस्थेच्या परवानगीने, आणि प्रश्नाला लागतील तेवढीच. दोन-तीन दिवसांच्या भ्रूणात वेदना जाणवण्याजोगी मज्जासंस्था नसते. ब्रिटनचा कायदा पक्ष्यांच्या भ्रूणांना उबवण्याच्या काळातला दोन तृतीयांश भाग उलटल्यापासून संरक्षण देतो, फिंचच्या हिशेबाने नवव्या-दहाव्या दिवसापासून. मला ती मर्यादा योग्य वाटते, पण कायद्याला चालतं म्हणून जास्त अंडी फोडावीत असं मात्र वाटत नाही. एका नीट उचललेल्या भ्रूणातून जे कळतं ते दहा फाटलेल्यांतून कळत नाही.

डिग्री कॉलेजमध्ये फिंच असण्याची शक्यता कमी. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने झूलॉजीच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनंही थांबवली. पण ३३ तासांची कोंबडीची स्लाइड कपाटात असतेच. तिच्यावर सगळे डोकं, हृदय आणि सोमाइट बघतात आणि डोक्याच्या पुढचा रिकामा वाटणारा भाग सोडून देतात. कमी भिंगावर डोकं मध्ये आणा, मग स्लाइड सरकवून डोक्याच्या पुढे चकतीच्या कडेपर्यंत जा आणि मोठं भिंग लावा. शेजारच्या पेशींपेक्षा मोठ्या, गोल, स्पष्ट केंद्रक असलेल्या सुट्या पेशी सापडतात का बघा. नेहमीच्या रंगात त्या ओळखायला वेळ लागतो. त्यांच्यात ग्लायकोजेन (साठवणीची साखर) भरपूर असतं, त्यामुळे ते दाखवणाऱ्या पीएएस रंगाची स्लाइड मिळाली तर त्या गडद किरमिजी दिसतात. ती स्लाइड कपाटात आहे का, लॅबमध्ये विचारून घ्या.